उष्टावण

बाळाच्या पहिल्या घासाला आमच्यात उष्टावण म्हणतात. दोस्तहो, या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. माझी पणजी दारोदार उष्टं-शिळं मागून पोरं जगवायची. 1927 साली महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, फेकलेले तुकडे खाऊ नका. मग पोरीच्या तोंडात पहिला घास या नावानं का घालायचा?

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुसऱ्याचं उष्टं नव्हं. तिनं स्वतःचं ताट उष्टं करायचं." पटलं. निम्मं.

खरं दुखणं वेगळंच आहे. मी पिंपरीहून चाकणच्या एका कारखान्यात वायरी बांधायला जाते. ठेकेदाराकडं. 1928 ला मुंबई कौन्सिलात बाबासाहेब बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. बायांच्या कामातून मालक नफा काढतो, तर भारही त्यानं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. 1929 ला कायदा झाला. 2017 ला पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. हिशोब करा. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. डॉक्टरही तेच सांगतात: सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं अन्न. कायदा अन् बाळाचं पोट एकाच मापाचं!

पण आमचा ठेकेदार दर सात महिन्यांनी ब्रेक देतो. माझं पोट दिसायला लागलं अन् ब्रेकची तारीख आली. त्याच्या रजिस्टरात मी गरोदर कधी नव्हतेच. पोरगी तीन महिन्यांची असताना नव्या गेटपासवर पुन्हा लाइनीवर. काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास टिकतं. पाळी आठ तासांची, वर मोशीचं ट्रॅफिक. फ्रीज शेजारणीचा. तिच्या फ्रीजमधल्या त्या एका कप्प्यावर पोरगी सहा महिन्यांची झाली. तिकडं माझी छाती भरून यायची, ती कारखान्याच्या बाथरूममध्ये पिळायची.

आता नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळलीय. सासूबाई वरणाचं पाणी म्हणत होत्या. मी म्हटलं, पाण्यानं पोट फुगतं, अंग भरत नाही. डाळच घट्ट कुस्करा. मीठ-साखर नको. मध तर वर्षभर नाहीच.

आणि अंडं. नीट उकडून, कुस्करून. घरमालकीण जिन्यातून ओरडते, वास येतो म्हणून. येऊ दे. भाडं वेळेवर देतो.

पोरगी पहिला घास थुंकते, दुसरा गिळते, तिसऱ्याला वाटीतच हात घालते. उद्यापासून माझी सेकंड शिफ्ट. संध्याकाळची वाटी सासूबाई भरवतील.