दोष पायाचा नव्हता

वडिलांची १९९६ सालची मारुती ८०० चढावर नुसतीच गुरगुरू लागली, तेव्हा ‘माझाच पाय आता थकला’ असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी बॉनेट उघडून पाहिले. क्लचची तबकडी झिजत गेली, तशी पेडलची मोकळी चाल संपली होती. त्यामुळे पाय काढल्यावरही क्लच पुरता धरत नव्हता. तारेचा नट सैल करून पेडलला सुमारे २ सेंटिमीटर चाल दिली. अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला मात्र किंचितच सैलपणा पुरतो. तो वाढला, की थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. (हे मी दोनदा चुकून शिकलो!) सायंकाळी वडिलांनी गाडी स्वतः टेकडीवर नेली. वाटेत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. किल्ली मात्र त्यांनी आपल्याच खिशात ठेवली.