रोझबँक पाणचट नाही

चि. अनिकेत,


'आत्या, तुझी ती रोझबँक पाणचट निघाली.' अरे, हे लिहायला तुझा हात कसा धजावला? एकवीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की बर्फाच्या खड्यांवर ओतायची, आणि वर मलाच विचारायचं, धूर कुठे गेला म्हणून! धूर हवा असेल तर आयला बेटावरची घे. तिथले लोक पीट जाळून माल्ट सुकवतात, तो वास त्याचा. फॉल्कर्कला कालव्याच्या काठी असलेल्या रोझबँकची ती रीतच नव्हती.

स्कॉटलंडात बहुतेक ठिकाणी दोनदा ऊर्ध्वपातन करतात, रोझबँकमध्ये तीनदा. प्रत्येक खेपेला जड, तेलकट भाग मागे राहत जातो आणि व्हिस्की हलकी होते. पण पोकळ होत नाही, कारण वाफ थंड करायला तिथे जुनी पद्धत होती: थंड पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडवलेली तांब्याची नागमोडी नळी. त्यामुळे अंगात थोडा भरीवपणा राहतो. बर्फाने जीभ बधिर केलीस तर तो तुला कसा कळणार?

आता नीट ऐक. निमुळत्या तोंडाचा ग्लास घे. थोडीच ओत आणि पंधरावीस मिनिटं हात लावू नकोस. मग नुसता वास घे, तोही नाक आत न खुपसता. आधी लिंबाची साल येईल, मग ओलं गवत, मग शेवंतीसारखं काहीतरी. जिभेवर किंचित मेणचटपणा जाणवेल, आणि लाकूड अगदी शेवटी. नाजूक व्हिस्कीला लाकूड सहज गिळून टाकतं. एकवीस वर्षांनंतरही फुलांचा वास शिल्लक आहे, यातच तिची ताकद दिसते. मग पाण्याचे दोन थेंब टाक आणि पुन्हा वास घे.

हळू बोलणाऱ्याला कच्चं समजायची खोड जगाला आहेच. १९८८ मध्ये मालक कंपनीने आपल्या सहा निवडक माल्ट व्हिस्की बाजारात आणल्या, तेव्हा लोलँड भागाची जागा रोझबँकऐवजी ग्लेनकिंचीला दिली. १९९३ मध्ये रोझबँक बंदच केली. पुढे २००८ च्या नाताळच्या सुमारास चोरांनी तिची तांब्याची भांडीसुद्धा उचलून नेली. ती बातमी वाचून हे दिवसभर गप्प होते, तुला ठाऊकच आहे. २०१७ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती घेतली, जुन्या आराखड्यांवरून नवी भांडी घडवली आणि २०२३ मध्ये तिथे पुन्हा ऊर्ध्वपातन सुरू झालं. आनंदच आहे. पण तुझ्या बाटलीतली त्या चोरीला गेलेल्या भांड्यांतली आहे.

आपल्या घरात माझ्या दादाला सगळे असंच समजत आले. आवाज चढवत नाही, म्हणजे त्याला काही म्हणायचंच नाही! तूही त्यातलाच. सातारच्या जागेच्या वेळी तो काय बोलला ते मला कळलंय. तू ऐकून घेतलं नाहीस, हेही.

आणि पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास ते 'हल्ली रात्री एकटाच बसतो' काय आहे? 'हल्ली' म्हणजे कधीपासून? किती घेतोस? व्हिस्की मला आवडते, म्हणून तुला हे विचारायचा माझा हक्क गेला असं समजू नकोस. जेवतोस ना वेळेवर? मंजिरीने मला फोन करणं का थांबवलंय?

फोटोत बाटली खिडकीत आडवी पडलेली दिसली. आधी उभी कर. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या कडक अल्कोहोलने बूच खराब होतं, आणि पुण्याच्या उन्हात वासही उडून जाईल. कपाटात ठेव. उघडलेली बाटली वर्षानुवर्षं पुरवायचीही नसते, हवेने तिची चव मरते. म्हणून उरलेली दादाकडे घेऊन जा. तो नको म्हणेल. तरी ओत, आणि बर्फ घालू नकोस. रात्री तिथेच राहा. गाडी नेऊ नकोस, रेल्वेने जा. पोचल्यावर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आत्या