नऊ विजय आणि एक नकार

१/
नोव्हेंबर १९५१. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने लोयोलाला २०-२ असे हरवले आणि हंगाम संपवला. नऊ सामने, नऊ विजय. पराभव नाही, बरोबरीही नाही. तरीही या संघाचा हा अखेरचा सामना ठरला. तो का, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
जेझुइट पाद्र्यांनी चालवलेले हे छोटे विद्यापीठ. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही बलाढ्य विद्यापीठे शेजारीच असल्याने प्रेक्षकही त्यांचे आणि पैसाही त्यांचाच. ‘डॉन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे प्रशिक्षक होते जो कुहॅरिक. वृत्तपत्रांना बातम्या पुरवण्याचे काम पीट रोझेल नावाचा तरुण करत असे. हाच पुढे १९६० मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा आयुक्त झाला.

३/
संघात दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला जिनो मार्केटी होता, धिप्पाड बॉब सेंट क्लेअर होता. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते : चेंडू घेऊन वाऱ्यासारखा धावणारा ओली मॅटसन आणि बचावफळीचा आधारस्तंभ बर्ल टोलर.

४/
त्या हंगामात मॅटसनने १,५६६ यार्डांची धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. दोन्ही बाबतींत तो देशात पहिला होता. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्धचा सामना सर्वांत चुरशीचा झाला; तो डॉन्सनी ३२-२६ असा जिंकला. स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा मात्र त्यांनी ४७-१४ असा धुव्वा उडवला. हा निकाल ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

५/
अमेरिकेत महाविद्यालयीन हंगामाचा कळस म्हणजे नववर्षाच्या सुमारास होणारे ‘बोल’ सामने. तिथे पात्रता फेरी नसे. आयोजक समिती निमंत्रण धाडत असे. निमंत्रणाबरोबर प्रतिष्ठा येई आणि उत्पन्नही. ऑरेंज, शुगर, गेटर हे नामांकित बोल दक्षिणेतल्या शहरांत होत आणि दक्षिणेत वर्णविभाजन हाच कायदा होता. शाळांमधील विभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. तो अजून तीन वर्षे दूर होता.

६/
मायामीच्या ऑरेंज बोलसाठी डॉन्सचे नाव चर्चेत होते. मग संघापर्यंत निरोप आला : या, पण मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. खेळाडूंनी नकार दिला. उरलेल्या आयुष्यात पुन्हा कधी न येणारी संधी त्या तरुणांनी दोन सोबत्यांसाठी सोडून दिली.

७/
कागदोपत्री सांगायला दुसरे कारण हाताशी होतेच. डॉन्सच्या वेळापत्रकात मोठे संघ नव्हते आणि दोन सामने तर लष्करी तळांच्या संघांशी झाले होते. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. पण टेक्सासमधल्या सन बोलचे निमंत्रण त्याच वर्षी कोणाला मिळाले? कॉलेज ऑफ द पॅसिफिकला. डॉन्सनी ज्यांना ३३ गुणांच्या फरकाने लोळवले होते, त्यांनाच.

८/
नकाराची किंमत केवळ एका सामन्याची नव्हती. फुटबॉलचा खर्च विद्यापीठाला पेलवत नव्हता आणि बोलचे उत्पन्न हाच त्या तुटीवर उतारा होता. तो हातचा गेला. हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. इतिहासातला आपला सर्वोत्तम संघ उभा करून तो खेळच तिथून उठला.

९/
पुढच्याच उन्हाळ्यात मॅटसन हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावला. ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेमध्ये रौप्य अशी दोन पदके त्याने मिळवली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतले कांस्यपदक जिंकले, ते याच ऑलिंपिकमध्ये. ज्याला मायामीच्या मैदानावर येऊ नको म्हटले गेले, तो सात-आठ महिन्यांतच साऱ्या देशाचे चिन्ह छातीवर लावून धावत होता.

१०/
मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचले. टोलरच्या वाट्याला ते आले नाही. १९५२ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये मैदानावर परतला तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून. १९८० च्या सुपर बोलमध्येही तो पंच होता.

११/
भेदभाव नेहमीच फलक लावून येत नाही. पुष्कळदा तो तोंडी निरोपातून येतो आणि कागदावर भलतेच, सभ्य दिसणारे कारण ठेवून जातो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने जे घडले त्याच्याइतकेच, जे घडू दिले गेले नाही तेही वाचावे लागते. १९५२ च्या ऑरेंज बोलच्या नोंदीत जॉर्जिया टेक आणि बेलर ही दोन नावे आहेत. डॉन्सचे नाव तिथे नाही, आणि त्या हंगामात त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट नेमकी तीच आहे.

(समाप्त)