डोंगराआडचा सूर्यास्त

वाईजवळच्या मेणवली घाटावर मी बरीच वर्षं साखरपुड्याचे फोटो काढतोय. कृष्णेचं पाणी, काळ्या दगडाच्या पायऱ्या, मागे नाना फडणवीसांचा वाडा. 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली भलीमोठी घंटाही इथेच आहे. जागा इतकी देखणी, की कधीही आलं तरी फोटो चांगलेच येणार, असं लोकांना वाटतं.

एका डिसेंबरात साखरपुडा आटोपून, जेवणं उरकून एक जोडपं दीड वाजता घाटावर आलं. मुलीची आई म्हणाली, "तयार झालीच आहेत, तर आत्ताच काढून घ्या ना, दादा." मला नाही म्हणता आलं नाही. ऊन डोक्यावर. मुलीच्या डोळ्यांच्या खोबणीत काळं साचलेलं, नथीची सावली थेट वरच्या ओठावर. पैठणीची जरी तर पांढरीफटक पडली. नारळी काठ ओळखूही येईना. रिफ्लेक्टर धरला तर दोघांचे डोळे मिटायला लागले. ते फोटो मी त्यांना दाखवले आणि पुढच्या रविवारी परत बोलावलं. पैसे घेतले नाहीत.

रविवारी मुलगा मोबाइल बघून म्हणाला, "सूर्यास्त सहाला आहे, साडेपाचला येतो." मी चारलाच या म्हणून सांगितलं. कारण मोबाइलमधली वेळ सपाट क्षितिजाची असते, आणि इथे पश्चिमेला पाचगणीचा डोंगर उभा आहे. हिवाळ्यात ऊन घाटावरून वीस-पंचवीस मिनिटं आधीच उठतं. सूर्य खाली आला की उजेड जास्त हवेतून येतो, निळा वाटेत विखुरतो, तांबूस तेवढा पोचतो. पाच वाजता तो उजेड मुलीच्या गालावर तिरपा पडला आणि आठ दिवसांपूर्वी पांढरी पडलेली तीच जरी केशरी झाली. ऊन डोंगराआड गेल्यावर दोघं निघाली होती, मी थांबवलं. नंतरची दहा-पंधरा मिनिटं सावलीच नसते, चेहरे अगदी मऊ येतात. त्यांच्या दिवाणखान्यात आज जो फोटो लावलाय, तो तेव्हाचा.

मला विचाराल तर या घाटावर सकाळ त्याहून चांगली. सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, थंडीत पाण्यावर धुकं असतं आणि माणसांची वर्दळ नसते. पण त्यासाठी नवरीला पहाटे चारला उठून नऊवारी नेसावी लागते. तिची तयारी नसेल, तर हट्ट करू नये. झोप न झालेला चेहरा कोणताच उजेड लपवत नाही.

तुमच्या घरात कुणाचे असे फोटो काढायचे असतील, तर एवढं करा. एक दिवस आधी, त्याच वेळी, त्याच जागी जाऊन उभे राहा आणि ऊन कुठून जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. मुहूर्त साखरपुड्याचा भटजींना विचारा, फोटोचा त्या जागेला.