गवसणी

मे महिन्यातली टळटळीत दुपार. स्वारगेटला सांगलीहून आलेल्या एसटीतून एक मुलगी उलटी उतरत होती. पाठ आमच्याकडे, तोंड गाडीकडे, दोन्ही हात वर. आतून तिची आई एक लांबलचक गवसणी वीत वीत पुढे सरकवत होती. आधी खुंट्यांकडचं टोक आलं, मग दांडी आली, आणि भोपळा दारात अडला. कंडक्टरने तिकिटाचं मशीन पाठीमागे सारलं, खाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांबा ताई, ओढू नका. तिरका करा." मग त्याने भोपळ्याखाली दोन्ही तळवे धरले आणि चौकटीला जराही न लागता तंबोरा बाहेर आला. मागे अडकलेल्या प्रवाशांपैकी कुणीही घाई केली नाही.

मी निघाले होते भलत्याच गाडीसाठी. ती सुटली तरी मी तिथेच उभी होते. महिनाभराचं गाण्याचं शिबिर आहे, मुलगी म्हणाली, आणि ज्याचा त्याने तंबोरा आणायचाय.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. म्हणजे मायलेकी दोघी मिळून एका तिकिटात आल्या. वाचलेलं दुसरं तिकीट तंबोऱ्याचं, असा हिशेब मी मनात मांडून टाकला. गाणं शिकणाऱ्या मुलीच्या घरी हे हिशेब रोजच होतात. शिबिराची फी एकदा भरता येते. पण वाद्य न्यायचं कसं, हा खर्च कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

रेल्वेने न्यावं तर स्लीपरच्या डब्यात माणशी चाळीस किलो सामान फुकट. तंबोऱ्याचं वजन त्यापुढे काहीच नाही. पण डब्यात नेण्याच्या पेटीचं माप ठरलेलं आहे: १०० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. शंभर सेंटीमीटर म्हणजे सव्वातीन फूट. बायकी तंबोरासुद्धा चार फुटांच्या आसपास भरतो, मर्दानी पाचाला टेकतो. नियमावर बोट ठेवलं तर त्याची जागा ब्रेकव्हॅनमध्ये, मोटारसायकली आणि पार्सलांच्या शेजारी. आणि भोपळा म्हणजे शेवटी वाळलेली साल. कोपर लागलं तरी तडकते. तडकलेला भोपळा सांधता येतो, पण सांधणारा माणूस मिरजेत बसलेला असतो.

खिशातल्या फोनवर तंबोरा वाजतो, मग एवढी यातायात कशाला, असं कुणीही विचारेल. माझा त्या यंत्रावर राग नाही. पहाटे स्वयंपाकघरात मीही तेच लावून बसते. पण वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीने स्वतःच्या हाताने तंबोरा लावलेला असावा. जोडाच्या दोन तारा आधी एकमेकींशी भांडतात, मणी केसभर सरकवला की एकदम एक होतात. मग घोडीवर तारेखालचा दोरा नखाने मागेपुढे करायचा, आणि एका जागी जवारी उघडते, तारेतून न छेडलेले सूर बाहेर येतात. फोनमध्ये सगळं आधीच लागलेलं असतं. लागत जाताना ऐकणं हेच तर कानाचं शिक्षण. म्हणून माझं आपलं एक मत आहे: शिबिर भरवणाऱ्यांनी चार तंबोरे जागेवर ठेवावेत. कार्यक्रमाच्या मांडवावर होतो त्याहून हा खर्च थोडा आहे, आणि तो वर्षानुवर्षं पुरतो.

लेकीकडून परत येताना भोपळ्यात बसून वाघाला चुकवणारी म्हातारी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या गोष्टीत भोपळा माणसाला नेतो. आमच्या घरी भोपळ्याला न्यायची पाळी आमच्यावर आली, १९८६ च्या उन्हाळ्यात, सांगोल्याहून मिरजेला.

पंढरपूर-मिरज मार्गावर तेव्हा अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. बार्शी लाइट रेल्वेचा हा फाटा १९२७ साली मिरजेला पोचला. मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. तेव्हा आम्ही नेत होतो त्या भोपळ्याचा वेल आमच्याच मुलखात कुठेतरी वाढला असणार. तो मिरजेला जाऊन तंबोरा झाला, परत आमच्याकडे आला, आणि आता माझ्याबरोबर पुन्हा मिरजेला निघाला.

तंबोरा आमचा नव्हता. शाळेतल्या गाण्याच्या बाई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या तेव्हा तो माळ्यावर राहिला होता. बाईंनी पत्राने कळवलं, पोरीला वापरू द्या. गवसणी मात्र उंदरांनी संपवलेली. आईने घरातली गोधडी उसवली. आजीच्या दोन लुगड्यांची ती गोधडी, एक हिरवं, एक जांभळं. आईने तंबोरा जमिनीवर आडवा निजवून खडूने भोवती रेघ ओढली आणि दोन रात्री बसून गवसणी शिवली, तोंडाला परकराची नाडी ओवून. आकाशाला गवसणी घालणं हा वाक्प्रचार माझे वडील, आप्पा, शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले होते. गवसणी म्हणजे काय हे मी त्या दोन रात्रीत पाहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी तारा उतरवल्या. उन्हाने तबली ओढली जाऊ नये म्हणून. जवारीचे चार दोरे कागदाच्या पुडीत घालून माझ्या परकराच्या खिशात. मिरजेला ज्यांच्याकडे महिनाभर गाणं शिकायला जायचं होतं त्या बुवांना फी द्यायची ऐपत नव्हती. त्यांनीच सांगितलं होतं, पोरीचा महिन्याचा शिधा आणा, पुरे. त्यामुळे आप्पांच्या एका खांद्यावर ज्वारीचं पोतं, दुसऱ्यावर तंबोरा.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गाडीत निम्मी माणसं दवाखान्याची असत. मिरजेला मोठे दवाखाने, आमच्या सगळ्या दुष्काळी पट्ट्याचं शेवटचं ठिकाण तेच. आप्पा दारात उभे, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं ते लांबट ओझं, एक हात खालच्या गोल फुगीर भागाला दिलेला. बाकावरची एक बाई तटकन उठली. तिने शेजारच्या दोघांना उठवलं, धोतरवाल्या एका म्हाताऱ्याचे पाय पोटाशी घ्यायला लावले.

"निजवा हितं," ती म्हणाली. "लेकरू लई आजारी हाय का?"

आप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याची जागा अशी घेणं त्यांना जमणारं नव्हतं. "नाही हो माउली," ते म्हणाले, "तंबोरा आहे. मुलगी गाणं शिकायला चाललीय."

बाई क्षणभर गवसणीकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा नवरा खाली, दोन बाकांच्या मधे, घोंगडीवर पडलेला होता. पोट फुगलेलं, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "असू द्या की. नाजूकच हाय न्हवं त्येबी? निजवा."

तंबोरा बाकावर निजला आणि आम्ही उभे राहिलो. जत रोड गेलं, ढालगाव गेलं. वळणावर गाडी कलली की ती बाई एक हात खाली नवऱ्याच्या कपाळावर ठेवायची आणि दुसरा भोपळ्यावर. कवठे महांकाळच्या अलीकडे त्या माणसाने डोळे उघडले आणि विचारलं, "कसला आवाज येतोय?" आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. बाईने गवसणीला कान लावला, मग मीही लावला. तारा उतरवलेल्या होत्या तरी रुळांच्या हादऱ्याने आत काहीतरी घुमत होतं. सूर नव्हता तो. रिकाम्या रांजणात तोंड घालून श्वास सोडावा तसं काहीसं.

मिरजेच्या फलाटावर ती दोघं उजवीकडे गेली, दवाखान्याच्या टांग्याकडे. आप्पांनी टांगा केला नाही. पैसे वाचवायचे होते, पण टांग्याच्या हिसक्यांची भीतीही होती. स्टेशनापासून बुवांच्या वाड्यापर्यंत आम्ही चालत गेलो. पोतं मी आणि आप्पा मधे धरून, तंबोरा त्यांच्या खांद्यावर.

पहिला अख्खा दिवस बुवांनी कुणालाच गाऊ दिलं नाही. प्रवास करून आलेला तंबोरा आधी निवू द्यायचा, म्हणाले, माणसासारखाच. संध्याकाळी आम्हाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं. तिथे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा ते सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना टाकला, तंबोरा लावायला सांगितला, गाऊन ईश्वराची प्रार्थना केली, आणि तिथेच गेले. बुवा एवढंच सांगून थांबले. मी मात्र रात्रभर फलाटाचाच विचार करत होते. एवढ्या दूरच्या प्रवासात तंबोरा हाताशी होता. कुणीतरी तो जपून गाडीत चढवला असेल, कुणीतरी उतरवला असेल. दरबारी राग गायले होते म्हणतात. कुणी लावला असेल तो तंबोरा, हात थरथरत असतील का त्याचे?

आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतले. जाताना त्यांनी तंबोरा गवसणीतून काढून भिंतीशी उभा केला, गवसणीची व्यवस्थित घडी घातली आणि काखेत मारली. घरी धाकट्याला अंथरायला दुसरं काही नव्हतं. बुवांच्या बायकोने तंबोऱ्यावर त्यांचं एक जुनं धोतर पांघरलं.

महिन्याने ते मला न्यायला आले तेव्हा तीच गोधडी खांद्यावर होती. आईने धुऊन दिलेली. आत तंबोरा घालताना माझ्या हाताला काहीतरी जाड लागलं. बाजूच्या दोन खुंट्यांनी येताना कापड जिथे घासून विरलं होतं, बरोबर त्या दोन जागी आईने आतून नवी ठिगळं लावली होती, एकावर एक तीन पदरी, बारीक टाक्यांची.