फळ्याकडे वळलेली पाठ

परवा नातीने एर्विन स्टाउब यांच्यावरचा लेख वाचून दाखवला आणि मला माझाच जुना वर्ग आठवला.

स्टाउब १९३८ सालचे, बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबातले. १९४४ मध्ये स्वीडनचे राजदूतावासातले अधिकारी राऊल वॉलेनबर्ग यांच्या संरक्षणपत्रांमुळे ते वाचले. घरकामाला असलेली मारिया जीव धोक्यात घालून त्यांच्यासाठी पाव आणायची. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी मांडले, की सामूहिक हिंसा एकदम भडकत नाही, पायरीपायरीने चढते. बघे गप्प बसले की मारणाऱ्याला ती संमती वाटते. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात २००४ साली ‘मुसेकेवेया’ ही दोन गावांच्या वैराची आणि समेटाची रेडिओमालिका सुरू झाली, ती याच विचारांवर.

माझ्या वर्गात एका मुलाला जातीवरून चिडवत. मी ऐकले, आणि फळ्याकडे वळून व्याकरण लिहीत राहिलो. महिन्याभराने त्याचे दप्तर विहिरीत सापडले. मग मी छड्या मारल्या. पहिल्या दिवशी एक शब्द पुरला असता.

त्याची माफी मागायची राहिली आहे. पत्ता शोधतो आहे.