शेवाळ चरणारे थवे

लक्षद्वीपच्या कदमत बेटावर भरती चढू लागली की आमचा वाटाड्या आम्हाला स्नॉर्केल लावून प्रवाळभित्तीच्या कडेला नेई. पाण्यात उतरण्याआधी त्याची ताकीद ठरलेली : "कोरलवर पाय टेकायचा नाही, माशाला हात लावायचा नाही."

समोर आला तो तळहाताएवढा आकाशी मासा. तोंड काळं, गळ्याखाली पांढरा पट्टा, पाठीवरचा पर पिवळाजर्द. हा पावडर ब्लू टँग, सर्जन माशांच्या कुळातला. या माशांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही अंगांना धारदार काटा असतो, एरवी खाचेत मिटलेला. मासा बिथरून शेपटीचा फटकारा मारतो तेव्हा तो काटा सुरीसारखा चिरत जातो.

भित्तीच्या माथ्यावर, लाटा फुटतात तिथे, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा लाइन्ड सर्जन शेवाळाचा आपला तुकडा राखत होता. कुणी जवळ आलं की अंगावर धावून जायचा. तेवढ्यात काळ्या उभ्या रेघांच्या कन्व्हिक्ट टँगचा मोठा थवा थेट त्याच्या राखणीत घुसला. त्याने दोघा-तिघांना हुसकावलं, बाकीचे खुशाल चरत राहिले. एकट्यादुकट्याला तिथे घासही मिळाला नसता. थोड्या वेळात थवा पुढच्या खडकावर गेला. मागचा खडक मोकळा दिसत होता.

या मोकळ्या खडकाचं मोल मला तिथे उमगलं. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, पुष्कळ मरतात आणि त्यांच्या सांगाड्यांवर शेवाळ चढतं. प्रवाळाच्या अळीला रुजायला स्वच्छ, कठीण जागा लागते. ती जागा हे मासे राखतात. 1998 च्या उष्णतेत लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, तरी कित्येक भित्ती पुन्हा भरल्या. इथले मच्छीमार मुख्यतः खोल समुद्रात गळाने कुपा, म्हणजे ट्युना, पकडत आले. त्यामुळे भित्तीवरचे शाकाहारी मासे बरेचसे वाचले होते. पुढे 2010, 2016 आणि 2024 मध्येही पाणी तापलं. सावरायला मिळणारा अवधी आखूड होत चालला आहे. अशा वेळी भित्तीवरच्या माशांचीही मासेमारी वाढणं मला फार धोक्याचं वाटतं.

हाच पावडर ब्लू टँग मी मुंबईत एका दुकानातल्या काचेच्या टाकीत पाहिला आहे. मोकळ्या पाण्यात दिवसभर पोहत चरणारा मासा तिथे दोन-चार हातांत वळत होता. बंदिवासात त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन धरतो. सर्जन माशांतल्या काही जाती समुद्रात तीस-चाळीस वर्षं जगतात आणि बाजारात येणारे बहुतेक समुद्रातूनच धरलेले असतात.

घरात मत्स्यालय जरूर ठेवा, पण त्यासाठी पैदास केंद्रात वाढवलेले मासे मागा. भित्तीवरचा सर्जन मासा मात्र भित्तीवरच राहू द्या.